परमुलखात मालमोटार

ज्या देशात आपण जन्मलो नाही, ज्याचे नागरिकत्व आपल्यापाशी नाही आणि जेथे राहण्याची व राबण्याची इजाजत ठरावीक मुदतीने पुन्हा पुन्हा मागावी लागते, अशा देशाच्या राजरस्त्यावरून 80,000 पौंडांची, म्हणजे सुमारे 36 टनांची, लादलेली मालमोटार हाकण्याचा परवाना माणसाला मिळावा की मिळू नये, या प्रश्नाने अमेरिकेत 2025 साली कचेऱ्या, न्यायालये आणि हजारो गरीब घरे एकाच वेळी ढवळून काढली. कॅलिफोर्नियाच्या मध्य खोऱ्यात, स्टॉक्टनपासून फ्रेझ्नोपर्यंत, पंजाबी कुटुंबांच्या मालवाहतुकीच्या लहानमोठ्या पेढ्या पसरल्या आहेत. शिकागोच्या परिसरात तसाच पसारा पूर्व युरोपातून आलेल्यांचा आहे. या धंद्यात मराठी माणूस विरळा. तरीही ज्या दोघांचा वाद मी येथे नोंदवीत आहे, ती दोघेही मराठी आहेत आणि या विषयावर बोलण्याचा अधिकार दोघांनाही आपापल्या परीने आहे. मामांची उमेदीची सारी वर्षे महाराष्ट्रात मोटार वाहन निरीक्षकाच्या चाकरीत गेली. त्यांची भाची स्टॉक्टनजवळच्या एका लहान वाहतूक पेढीचे हिशेब सांभाळते. त्या वर्षीच्या हिवाळ्यात मामा तिच्याकडे मुक्कामाला होते, आणि त्या दोघांचे जे बोलणे मी ऐकले त्यातील सार पुढे देत आहे. मी तटस्थ नाही. माझा कल कोणीकडे आहे, हे वाचकांपासून लपणार नाही आणि लपवण्याची माझी इच्छाही नाही.

“परवाना हा कोणाच्या उदरनिर्वाहासाठी बांधून दिलेला तनखा नव्हे,” मामांनी आरंभ केला. “समोरून येणाऱ्या, आपण कधीही न पाहिलेल्या माणसाच्या जिवाविषयी सरकारने दिलेली ती हमी आहे. 12 ऑगस्टला फ्लोरिडाच्या टर्नपाइकवर काय घडले, ते तुला ठाऊक आहे. सरकारी वाहनांसाठी राखून ठेवलेल्या वाटेतून एका चालकाने ट्रेलर उलट वळवला, मागून आलेली मोटार त्यावर आदळली आणि आतली तीन माणसे प्राणास मुकली. पुढे केंद्रीय वाहतूक खात्याने त्याची परीक्षा घेतली, तेव्हा 12 प्रश्नांपैकी दोहोंची उत्तरे आणि रस्त्यावरच्या 4 फलकांपैकी एकाचाच अर्थ त्याला सांगता आला. तो आपल्या देशातून आलेला होता, याची मला लाज वाटते. पण लाजेपेक्षा भय मोठे आहे. ज्याला ‘पुढे पूल कमी उंचीचा आहे’ हा फलक वाचता येत नाही, त्याच्या हाती असे वाहन देणाऱ्या राज्याने आपले पहिले कर्तव्यच सोडले, असे मी म्हणेन.”

“मामा, यातल्या एका शब्दालाही माझा विरोध नाही,” भाची म्हणाली, “मी फक्त एवढेच विचारते, की त्याला परवाना दिला कोणी? एका नव्हे, दोन राज्यांनी दिला. आधी वॉशिंग्टनने, मग कॅलिफोर्नियाने. चालकाला इंग्रजी वाचता-बोलता आले पाहिजे, हा नियम 1930 च्या दशकापासून पुस्तकात आहे. 2016 साली तपासनिसांना सांगितले गेले, की केवळ इंग्रजी येत नाही म्हणून चालकाला जागीच थांबवू नका. 25 जून 2025 पासून पुन्हा थांबवू लागले. नियम राबवला गेला नाही, हा दोष राबवणाऱ्यांचा आहे. आणि शिक्षणाचे म्हणाल, तर 7 फेब्रुवारी 2022 पासून नव्या चालकाने केंद्रीय नोंदवहीतील शाळेतच शिकले पाहिजे असा कायदा झाला खरा, पण गाडीवर किती तास शिकवायचे याची किमान मर्यादा केंद्राने घातलीच नाही, आणि आपण पात्र आहोत हे शाळेने स्वतःच लिहून द्यायचे! या डिसेंबरात सुमारे 3,000 शाळांची नावे त्या वहीतून काढण्याची कारवाई सुरू झाली. इतकी वर्षे त्या शाळांतून जे बाहेर पडले, त्यांत अमेरिकेत जन्मलेलेही असतीलच ना?”

तासांचा उल्लेख निघताच मामांची मुद्रा पालटली. स्वतःच्या नोकरीत अर्धवट शिकलेल्या उमेदवारांना परत पाठवताना त्यांनी अनेकांचा रोष ओढवून घेतला होता. शिक्षणाच्या प्रश्नावर त्यांना कोणाचीही बाजू घेण्याचे कारण नव्हते. कॅनडातील हम्बोल्टच्या अपघाताची हकीकत त्यांनीच काढली. 6 एप्रिल 2018 रोजी सस्कॅचेवान प्रांतात एका मालमोटारीने थांब्याची खूण ओलांडली, हॉकी खेळणाऱ्या तरुण मुलांची बस तिच्यावर आदळली आणि 16 जण मृत्युमुखी पडले. चालक भारतातून आलेला, कॅनडाचा कायम रहिवासी पण नागरिक नव्हे, आणि कामावर अगदी नवखा. त्याने गुन्हा कबूल केला, 8 वर्षांची शिक्षा घेतली. प्रांताने पुढच्याच वर्षी नव्या चालकास 121.5 तासांचे शिक्षण सक्तीचे केले. “हे योग्य झाले,” मामा म्हणाले, “अपघातातून राज्याने असाच धडा घ्यायचा असतो.”

“आणि 2024 साली त्याच माणसाला देशाबाहेर घालवण्याचा हुकूम झाला,” भाचीने जोडून दिले. “नागरिक असता, तर तोच अपराध आणि तीच शिक्षा भोगून तो आपल्या घरी गेला असता.”

मामा काही वेळ विचारात पडले. मग त्यांनी वादाची दिशा अधिक अवघड बाजूकडे वळवली, आणि मला वाटते सरकारपक्षाचे जे म्हणणे आहे त्यातील सर्वांत वजनदार भाग तोच होय. ते म्हणाले, “परकीयाचा पूर्वेतिहास या राज्यांना दिसत नाही, हे तर खरे ना? येथील चालकाने दहा वर्षांत कोठे काय केले, हे एका नोंदीत पाहता येते. पंजाबात किंवा मेक्सिकोत त्याने काय केले, ते कोणी पाहायचे? 29 सप्टेंबरच्या केंद्रीय नियमाने हेच कारण दिले आणि परकीयांना मिळणारे ‘अनिवासी’ परवाने केवळ तीन प्रकारच्या व्हिसाधारकांपुरते मर्यादित केले. आश्रय मागणारे, आश्रय मिळालेले, लहानपणी आणले गेलेले, असे बाकीचे सारे, काम करण्याचे कार्ड जवळ असले तरी बाद. सरकारला आपल्या रस्त्यांविषयी असे ठरवण्याचा अधिकार नाही, असे तू म्हणू शकत नाहीस.”

“अधिकार आहे, कारण मात्र टिकत नाही. ज्या तीन प्रकारांना त्यांनी मुभा ठेवली, त्यांचा परदेशातला गाडी हाकण्याचा इतिहास तरी कोणाला दिसतो? वकिलातीतला अधिकारी मुलाखतीत ब्रेक कसे तपासायचे हे विचारत नाही. उलट ज्यांना बाद केले, त्यांतल्या कित्येकांनी स्टिअरिंगला पहिला हात येथेच लावला. त्यांचा सगळा इतिहास येथल्याच नोंदीत आहे. असे सुमारे 2,00,000 परवाने देशात होते, आणि त्यांपैकी बहुतेक सारे मुदत संपताच निकाली निघणार होते. नोव्हेंबरात राजधानी वॉशिंग्टनमधल्या केंद्रीय अपील न्यायालयाने त्या नियमाला स्थगिती दिली, तेव्हा खात्याच्याच आकड्यांवर बोट ठेवले, की हे परवाने एकंदरीच्या सुमारे 5 टक्के, पण प्राणघातक अपघातांत त्यांचा वाटा अवघा 0.2 टक्के.”

“नोंदीच जर नीट ठेवल्या गेल्या नसतील, तर त्या टक्केवारीवर मी विसंबणार नाही,” मामा म्हणाले. ही शंका मला रास्त वाटली. परंतु ज्या नोंदींवर विसंबून माणसांना निर्दोष ठरवता येत नाही, त्याच नोंदींवर विसंबून त्यांना एकगठ्ठा दोषी तरी कसे ठरवावे, याचे उत्तर मामांपाशी नव्हते.

यानंतर कॅलिफोर्नियाच्या नोटिसांची गोष्ट निघाली. नोव्हेंबर 2025 मध्ये कॅलिफोर्नियाने सुमारे 17,000 चालकांना कळवले, की तुमचे परवाने 60 दिवसांत रद्द होतील. कारण असे, की परवान्यावर छापलेली मुदत त्यांच्या राहण्याच्या किंवा कामाच्या परवानगीच्या मुदतीपेक्षा पुढची होती. ही तारीख चालकाने घातलेली नव्हती. ती सरकारी कचेरीने घातली होती. परीक्षा उत्तीर्ण झालेली, वैद्यकीय दाखला वैध, वर्षानुवर्षे दंडाची एकही पावती नाही, अशीही माणसे त्यांत होती. भाचीच्या पेढीतील चालकांनाही त्या नोटिसा आल्या होत्या, आणि त्यांतला एक कर्जाने घेतलेल्या ट्रकचे हप्ते कसे फेडायचे हे विचारायला तिच्या टेबलापाशी येऊन बसला होता.

“चुकीचा दाखला हा चुकीचाच,” मामा म्हणाले, पण आवाजात पूर्वीची धार नव्हती. “माझ्या दफ्तरात लिपिकाने मुदत चुकवली, तर मी दाखला मागवून घेई, दुरुस्त करी, शिक्का मारी आणि त्याच दिवशी परत देई. दुरुस्ती करावी, जप्ती कशाला?”

“तेच तर! दुरुस्तीचा अर्ज द्यावा, तर नवे परवाने देणेच बंद आहे.”

येथवर वाद कायद्याच्या कलमांभोवती फिरत होता. मामांनी विचारले, की हे चालक तुमच्याकडे येतात तरी कसे, आणि तेव्हा भाचीने जे सांगितले ते मी शक्य तितके तिच्याच शब्दांत देतो, कारण या साऱ्या प्रकरणाचे मर्म मला त्यात दिसते.

“जाहिरात वाचली, अर्ज केला आणि नोकरी लागली, असे नवख्याच्या बाबतीत सहसा होत नाही, मामा. आश्रयाचा अर्ज करून 180 दिवस गेल्यावर वर्क परमिट हाती येऊ शकते. मग डॉक्टरचा दाखला, शिकाऊ परवाना, शाळेची फी, परीक्षा. हे सारे झाले तरी विमा कंपनी दोन वर्षांचा अनुभव मागते, आणि अनुभव तर काम मिळाल्याशिवाय येत नाही. मोठ्या कंपन्या नवख्यांना घेतात, पण वर्क परमिटची मुदत सहा महिन्यांत संपणारी दिसली, की ‘कळवतो’ म्हणतात आणि कळवत नाहीत. ग्रीन कार्डच दाखव, असे म्हणण्याचा मालकाला अधिकार नाही. काम करण्याची मुभा ज्याला आहे, त्याने ग्राह्य कागदांपैकी कोणता दाखवायचा हे त्याचे त्याने ठरवावे, असे कायदा सांगतो. पण हे त्याला सांगणार कोण? शेवटी गुरुद्वारात कोणीतरी भेटतो, कोणाचा तरी चुलता एक ट्रक राखून असतो आणि काम मिळते. त्या चुलत्याचे उपकार मी कमी लेखत नाही. तो नसता तर हा मुलगा उपाशी राहिला असता. पण त्या कामात पगार मैलावर. गोदामाच्या दारात माल चढायची वाट पाहत पाच तास उभे राहिले, तर त्या पाच तासांचे बहुधा काहीच नाही. कित्येक ठिकाणी त्याला नोकर म्हणून दाखवतच नाहीत, ‘1099’ या करपत्रकावरचा स्वतंत्र ठेकेदार म्हणून दाखवतात, म्हणजे जखमी झाला तर भरपाई नाही, काम सुटले तर बेकारभत्ता नाही. कॅलिफोर्नियाने 2019 साली कायदा करून हे आवळले, पण कागद रंगवणारे कागद रंगवतातच, आणि असले कागद माझ्या टेबलावरूनही जातात, हे तुम्हाला सांगताना मला त्रास होतो.

“आणि मग एका रात्री डिस्पॅचरचा, म्हणजे गाड्यांच्या फेऱ्या लावणाऱ्याचा, फोन येतो. नियम असा, की 10 तासांच्या विश्रांतीनंतर 14 तासांच्या आत जास्तीत जास्त 11 तास गाडी हाकायची. मुलाचे 11 तास भरलेले असतात. डिस्पॅचर म्हणतो, सकाळी सहाला माल पोहोचलाच पाहिजे. बाहेर डॉनर घाटात बर्फ पडत असते. नियम मोडायला नकार देणाऱ्या चालकाला कामावरून काढता येत नाही, असा कायदा 1982 पासून आहे. काढलेच तर 180 दिवसांच्या आत मजूर खात्याकडे तक्रार करता येते. नागरिक असलेला चालक फोन आदळतो आणि झोपतो. हा झोपू शकत नाही. काम गेले तर हप्ता जातो, वकिलाची फी जाते, आणि कोणत्याही सरकारी कचेरीत पाऊल टाकायची त्याला धास्ती. म्हणून तो इंजिन सुरू करतो. तुम्ही म्हणता, परक्याच्या हाती गाडी धोक्याची. मी म्हणते, ज्याला ‘नाही’ म्हणता येत नाही त्याच्या हाती गाडी धोक्याची. आणि त्याच्या कागदांची मुदत जितकी आखूड कराल, तितके ‘नाही’ म्हणणे त्याला अशक्य होत जाईल.”

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. घाट म्हणजे काय, हे त्यांना सांगावे लागत नाही. कसाऱ्याला आणि बोरघाटात ब्रेक तापून निकामी झालेल्या गाड्यांचे पंचनामे त्यांनी स्वतः केलेले आहेत, आणि त्या पंचनाम्यांच्या अखेरीस चालकाचे नाव येते, त्याला रात्रभर जागवणाऱ्या मालकाचे क्वचितच येते, हे त्यांच्याइतके जाणणारे थोडेच.

तरीही त्यांनी माघार घेतली नाही. “मग येथला चालक काय म्हणतो तेही ऐक,” ते म्हणाले. “जो मुलगा नकार देऊ शकत नाही, तो स्वस्तात मिळतो. तो स्वस्तात मिळतो म्हणून ओहायोतल्या चालकाचा दर पडतो. त्याचा राग द्वेषाचा आहे, असे म्हणून तुला मोकळे होता येणार नाही.” हा आक्षेप भाचीने झटकून टाकला नाही, याचे मला समाधान वाटले. 1980 साली मालवाहतुकीवरील सरकारी नियंत्रणे उठली, तेव्हापासून या धंद्यातील मजुरीची किंमत घसरत आली. आणि आंतरराज्य मालमोटारचालकाला जादा तासांचा दीडपट दर देण्याचे बंधन 1938 च्या मजुरी कायद्यानेच मालकांवर ठेवलेले नाही. त्या सवलतीचा फायदा घेणाऱ्यांनी ओहायोच्या आणि जालंधरच्या चालकाला एकाच मापाने लुटले आहे, असे तिचे म्हणणे. तर लुटले जाण्यास तयार असलेला माणूस सीमेवरून सतत येत राहिला, तर ती सवलत कधीच रद्द होणार नाही, असे मामांचे. येथे मला मामांचे म्हणणे पूर्णपणे खोडता येत नाही. दोघांना एका संघटनेत बसवता आले तर ते खोडता येईल, आणि भीती हीच त्या मार्गातली पहिली अडचण आहे.

मध्यंतरी मिरजेकडच्या एका ओळखीच्या तरुणाचे पत्र मामांना आले होते. सात वर्षे ट्रेलर चालवतो, अमेरिकेत चालकांची चणचण आहे असे ऐकतो, एक एजंट नेतो म्हणतो, काय करू? या पत्राच्या उत्तरापुरते मामा-भाचीत तसूभरही अंतर नव्हते. मालमोटार हाकण्यासाठी म्हणून स्वतंत्र व्हिसा अमेरिकेत नाही. पदवीधरांच्या व्हिसाला हे काम बसत नाही. शेतीबाहेरच्या हंगामी कामाच्या व्हिसाची वार्षिक मर्यादा 66,000, आणि तो मालकाने मागावा लागतो. कायम निवासाच्या रांगेत भारतात जन्मलेल्यास दशकाहून अधिक काळ तिष्ठावे लागते. शिवाय 21 ऑगस्ट 2025 पासून परराष्ट्र मंत्र्यांनी मालमोटारचालकांना कामाचे व्हिसा देणेच थांबवले. राहिली एजंटाची ‘डंकी’ची, म्हणजे चोरून सीमा ओलांडण्याची, वाट. 5 फेब्रुवारी 2025 रोजी अमेरिकेच्या लष्करी विमानाने बेड्या घातलेले जे 104 भारतीय अमृतसरला उतरवले, त्यांत तिघे महाराष्ट्रातले होते. “शेत विकू नकोस, एजंटाला पैसा देऊ नकोस,” असे मामांनी लिहिले, आणि “तरीही बाहेर जायचेच असेल तर नोंदणीकृत एजंटाकडूनच, करार वाचून, आखातात चौकशी कर,” ही ओळ भाचीने घालायला लावली.

पत्र लिहिता लिहिता भाचीने महाराष्ट्राचा विषय काढला. 2016 साली आपल्या सरकारने रिक्षाच्या परवान्यासाठी मराठीची अट परिपत्रकाने घातली होती आणि 2017 साली मुंबई उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केले, हे मामांना चांगले स्मरत होते. ती अट त्यांना तेव्हा रास्त वाटली होती आणि अजूनही वाटते. “ज्या गावात भाकरी मिळवायची, त्या गावची भाषा शिकावी, यात अन्याय कसला?” भाचीचे उत्तर होते, की शिकवण्याची सोय करा आणि परीक्षा सर्वांची सारखी घ्या, मग अट घाला, जन्माचा दाखला पाहून परीक्षेचा निकाल आधीच लिहून ठेवू नका. 2019 साली भारत सरकारने व्यावसायिक चालकासाठीची आठवी उत्तीर्णतेची अट काढून टाकली, तेव्हा मात्र दोघेही सारखीच अस्वस्थ झाली होती, असे त्या बोलण्यात निघाले.

अखेरीस मामांनी आपले म्हणणे असे मांडले. त्या 17,000 जणांना पुन्हा परीक्षेस बसवावे. इंग्रजी फलक, ब्रेकची तपासणी, घाटातला उतार, सारे विचारावे. नापास होईल त्याचा परवाना तिथल्या तिथे काढून घ्यावा आणि त्याला रात्री जागवणाऱ्या पेढीचीही सनद त्याच दिवशी रोखावी. उत्तीर्ण होईल त्याला त्याच्या कार्डाची मुदत असेतोवर निर्वेध चालवू द्यावे. “पण मुदतीबाहेर एक दिवसही नाही,” ते म्हणाले.

“मुदतीबाहेर तो स्वतःहून जात नाही, मामा. नूतनीकरणाचा अर्ज तो वेळेत देतो. कचेरी महिनोन्महिने निकाल देत नाही. पूर्वी अर्ज प्रलंबित असताना 540 दिवस आपोआप मिळत. 30 ऑक्टोबरपासूनच्या अर्जांना तेही मिळत नाहीत. मग दिरंगाई कचेरीची आणि उपास त्याच्या मुलांचा, हे तुमच्या न्यायात बसते का?”

“नाही बसत,” मामा म्हणाले. “आपल्याकडे 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याने मुदतीत काम न करणाऱ्या अधिकाऱ्याला दंड ठेवला आहे. तसा येथे असावा, आणि कचेरीने घालवलेले दिवस अर्जदाराच्या खात्यातून वजा होऊ नयेत. एवढे मी मान्य करतो. मात्र ज्याच्या आश्रयाच्या अर्जाचा निकालच लागलेला नाही, त्याला ट्रेलर देण्यापूर्वी तो निकाल लागलेला मला हवा.”

“ते निकाल लागायला वर्षे लागतात, मामा. तोवर त्याने काय हाकायचे?”

यावर मामांनी लहान गाड्यांचे नाव घेतले, भाचीने त्या कामावर कुटुंब चालत नसल्याचा हिशेब मांडला, आणि तो हिशेब मामांनी आकड्यागणिक तपासला. बेरीज त्यांना मान्य झाली, मत बदलले नाही.